आयफोन १३ वरून १७ वर जायचं का? वापरून झाल्यावरचं माझं मत

आधी निकाल सांगते, मग कारणं. तुमच्याकडे आयफोन १३ किंवा त्याच्याही आधीचा फोन असेल आणि तो आता कुरकुर करायला लागला असेल तर साधा १७ घ्या, बिनधास्त घ्या. १५ किंवा १६ असेल तर थांबा, काही बिघडत नाही. आणि १३ ची फक्त बॅटरी गेलीये, बाकी काहीच तक्रार नाही अशी परिस्थिती असेल तर आधी बॅटरी बदलून बघा, नवीन फोन कुठे पळून जात नाहीये.

आता हे मी कशावरून म्हणतेय ते. एक गोष्ट मला रिव्ह्यू बघताना कायम खटकते, ती म्हणजे बहुतेक जण १७ ची तुलना १६ शी करतात आणि मग "फारसा फरक नाही" म्हणून मोकळे होतात. अहो पण दरवर्षी फोन बदलणारी माणसं असतात किती? आपण साधारण चार-पाच वर्षांनी बदलतो, त्यामुळे आपल्याला मिळणारा फरक हा चार मॉडेलांचा एकत्र फरक असतो. १३ आला सप्टेंबर २०२१ मध्ये. १४ मध्ये चिपसुद्धा जवळपास १३ मधलीच, ए१५ होती. २०२३ ला १५ आला त्यात टाइप सी आणि ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा आला, २०२४ च्या १६ मध्ये चिप आणि रॅम वाढली, आणि २०२५ च्या १७ मध्ये शेवटी एकदाची स्क्रीन बदलली. यातली एकेक गोष्ट सुटी बघितली तर कुठलीच अशी नाही की त्यासाठी उठून फोन घ्यावा, पण सगळ्या एकदम हातात आल्या की फोन खरंच वेगळा वाटतो.

स्क्रीनपासून सुरू करते कारण माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. १३ ची स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतं, १७ ची १२० पर्यंत जाते. कागदावर हा आकडा वाचून मला काही वाटलं नव्हतं, मी गेम खेळत नाही, मला काय करायचंय असंच वाटायचं. पण मी फोनवर सगळ्यात जास्त काय करते तर वाचते, आणि तेही मराठी. आपली अक्षरं बघा ना, वर वेलांटी, अनुस्वार, रफार, खाली उकार, जोडाक्षरांत बारीक बारीक गाठी. १३ वर लांबलचक लेख बोटाने वर सरकवताना तो हलत असतो तोपर्यंत हे सगळं एकमेकात मिसळून जातं, डोळा थांबतो, ओळ स्थिर झाली की पुन्हा वाचायला लागतो. १७ वर सावकाश सरकवत असताना "र्त्य" मधला रफारसुद्धा दिसत राहतो आणि वाचन तुटत नाही. काही दिवसांनी १३ हातात घेतला तेव्हा तो बिघडलाय की काय असं वाटलं इतका फरक आहे.

पण हे प्रत्येकाला दिसेलच असं नाही, काही लोकांना दोन्ही फोन शेजारी ठेवूनसुद्धा काही कळत नाही आणि त्यात वाईट काही नाही. म्हणून घ्यायच्या आधी एक करा, दुकानात डेमोचा १७ आणि तुमचा फोन शेजारी ठेवा, दोन्हीवर तेच पान उघडा, हळू सरकवा आणि सरकतानाच वाचायचा प्रयत्न करा. गेम किंवा ॲनिमेशन लावून बघू नका, तुम्ही रोज जे करता तेच करून बघा. फरक जाणवला नाही तर माझ्या दृष्टीने १७ घ्यायचं निम्मं कारण तिथेच संपलं.

आणि हेही बोललंच पाहिजे, १२० हर्ट्झ ॲपलने प्रो मॉडेलला २०२१ मध्येच दिलं होतं, म्हणजे १३ प्रो मध्ये. अँड्रॉइडवर तर त्याहून कितीतरी स्वस्त फोनमध्ये हे वर्षानुवर्षं मिळतंय. साध्या आयफोनला ते द्यायला २०२५ पर्यंत वाट बघायला लावली हे मला अजिबात पटलेलं नाही. आता दिलंय ते चांगलं दिलंय, हेही तितकंच खरं. नुसतं १२० नाहीये, काही हलत नसेल तेव्हा ते थेट १ हर्ट्झपर्यंत खाली येतं त्यामुळे स्क्रीन बंद असतानाही वेळ आणि नोटिफिकेशन मंद दिसत राहतात, फोन टेबलावर असला की उचलावा लागत नाही.

उन्हाचं म्हणाल तर १३ ची स्क्रीन साधारण ८०० निट्सपर्यंत (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) जाते, १७ ची बाहेर उन्हात ३००० पर्यंत जाते असं ॲपल सांगतं. निट्स वगैरे सोडा, भर दुपारी उन्हात मॅप बघायला आता फोनवर हाताची सावली धरावी लागत नाही हे महत्त्वाचं. त्यात काचेवर चमक कमी करणारा थर दिलाय. इथे एक सावधानतेची सूचना, कारण हे दुकानात कोणी सांगत नाही. हा थर काचेच्या अगदी बाहेरच्या बाजूला असतो आणि तिथे असला तरच तो काम करतो. त्यावर साधा स्क्रीन गार्ड चिकटवला की चमक आता त्या गार्डवरून येणार, म्हणजे थराचा उपयोग गेला. गार्ड लावायचाच असेल तर चमक कमी करणारा बघून घ्या. मी लावलेला नाही, काच ओरखड्यांच्या बाबतीत आधीपेक्षा तिप्पट टिकाऊ आहे असा ॲपलचा दावा आहे आणि अजून तरी माझ्या फोनवर रेघ दिसत नाही, पण तुमचा फोन किल्ल्यांबरोबर खिशात राहत असेल तर तुमचं तुम्ही ठरवा.

अजून एक, ज्यांना रात्री कमी ब्राइटनेसवर फोन बघितला की डोळे किंवा डोकं दुखतं त्यांच्यासाठी. या फोनच्या स्क्रीन उजेड कमी करायला खूप वेगाने चालू-बंद होत असतात, काहींना त्याचा त्रास होतो. १७ मध्ये सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ, तिथे सगळ्यात खाली डिस्प्ले पल्स स्मूदिंग असा पर्याय आहे, तो चालू करून बघा. मला स्वतःला हा त्रास नाही, पण ज्यांना आहे त्यांच्यासाठी हे एकच कारण पुरेसं ठरू शकतं.

आकाराची भीती वाटत असेल तर सांगते, स्क्रीन ६.१ वरून ६.३ इंच झाली, पण फोनची रुंदी १३ ची आणि १७ ची दोन्ही ७१.५ मिलिमीटर, तंतोतंत तीच. उंची तीनेक मिलिमीटरने वाढलीये, वजन तीन-चार ग्रॅमने. कडा बारीक केल्यात म्हणून स्क्रीन मोठी बसली. एका हाताने टाइप करायची सवय आहे तशीच राहते, अंगठा पोचतो. ज्यांच्याकडे १३ मिनी आहे त्यांच्याबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटतं, त्यांना जायला जागाच ठेवलेली नाही, मिनीनंतर तेवढा छोटा आयफोन पुन्हा आलाच नाही. त्यांनी बॅटरी बदलून जितका ओढता येईल तितका तो ओढावा असंच मी म्हणेन.

आता बॅटरी, कारण "फोन बदलायचाय" म्हणणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांना खरं तर बॅटरीच बदलायची असते. लिथियम आयन बॅटरी कुठल्याही कंपनीच्या फोनमधली असो, वापराने आणि वयाने तिची साठवण कमी होत जाते. ॲपलच्याच म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्ज सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहाव्यात अशा बनवलेल्या आहेत, १५ पासून हा आकडा १००० केलाय. ५०० सायकल म्हणजे रोज एक पूर्ण चार्ज धरला तर दीड वर्षाच्या आत होतात. म्हणजे २०२१-२२ ला घेतलेला १३ आज ज्या अवस्थेत असेल त्यात फोनचा दोष काही नाही, त्याचं वयच झालंय. सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ बघा, ८० च्या खाली असेल तर संध्याकाळपर्यंत न पुरणं आणि थंडीत अचानक बंद पडणं हे होऊ शकतं, आणि वरून पुन्हा अचानक बंद पडू नये म्हणून फोन स्वतःच चिपचा वेग कमी करू शकतो. म्हणजे तुम्हाला फोन "स्लो" झालाय असं जे वाटतं त्यातला काही भाग बॅटरीचाच असू शकतो. नवीन बॅटरी टाकली की तो वेग परत येतो. ए१५ चिप आजही रोजच्या कामाला कमी पडत नाही, हे मी जबाबदारीने सांगते.

आणि सॉफ्टवेअरचं घाबरू नका. आयओएस २६, म्हणजे १७ बरोबर आलेली आयफोनची सिस्टिम, १३ वर चालतेच, पण २०१९ च्या आयफोन ११ वर सुद्धा चालते. लॉक स्क्रीनवर घड्याळ देवनागरी आकड्यांत दिसतं ना, तेही अपडेटनेच जुन्या फोनवर मिळालं होतं, त्यासाठी कोणाला नवीन फोन घ्यावा लागला नाही. नवीन दिसणं, नवीन आयकॉन वगैरे हवं असेल तर ते अपडेटने येतं, फोनने नाही.

तरी बॅटरीत १३ आणि १७ ची तुलना करायची तर व्हिडिओ बघण्याचे तास ॲपल १३ साठी १९ सांगतं आणि १७ साठी ३०. हे कंपनीचे आकडे आहेत, आपल्या वापरात इतकं येत नाही, पण फरकाची दिशा बरोबर आहे. माझा दिवस आता चार्जरचा विचार न करता जातो, रात्री झोपताना शिल्लक असते. वेगवान चार्जरवर वीस मिनिटांत निम्मा भरतो असं म्हणतात त्यासाठी ४० वॉटचा किंवा त्याहून मोठा ॲडॉप्टर लागतो आणि तो बॉक्समध्ये येत नाही हे लक्षात ठेवा. १५ पासून पुढच्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोयही आहे, ज्यांचा फोन दिवसभर चार्जरजवळच असतो त्यांनी ती चालू ठेवावी, बॅटरी जास्त टिकते.

कॅमेऱ्यात मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर पुढचा कॅमेरा, आणि हे मला स्वतःलाच अपेक्षित नव्हतं. १३ च्या सेल्फी कॅमेऱ्याला ऑटोफोकस नाही, १२ मेगापिक्सेल. १७ मध्ये १८ मेगापिक्सेलचा चौरस सेन्सर (फोटो टिपणारी चिप) बसवलाय. चौरस असल्याचा फायदा काय, तर फोन उभाच धरून आडवा फोटो निघतो. आडवा फोन धरून ग्रुप सेल्फी काढताना काय होतं आठवा, कॅमेरा एका कडेला जातो, सगळे स्क्रीनच्या मधे बघत असतात आणि फोटोत सगळ्यांची नजर कुठेतरी भलतीकडेच. शिवाय पकड निसटते ते वेगळंच. आता फोन उभा, सुरक्षित धरलेला, माणसं वाढली की फ्रेम आपोआप रुंद होते. व्हिडिओ कॉलवर तर याचा फारच फायदा, आईशी बोलताना तिच्या शेजारी कोणी येऊन बसलं की तेही फ्रेममध्ये येतात, अर्थात तिच्याकडे १७ असेल तर, माझ्या बाजूने तरी हे होतं.

मागच्या बाजूला मुख्य कॅमेरा १२ वरून ४८ चा झालाय, फोटो २४ चे निघतात. त्याच सेन्सरच्या मधला भाग वापरून २एक्स झूम मिळतो जो १३ वर नुसता ताणलेला असायचा. आणि अल्ट्रावाइडला, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्याला, आता ऑटोफोकस असल्याने अगदी जवळचं टिपता येतं. याचा माझा उपयोग फुलं-किडे टिपायला कमी आणि औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला जास्त होतो. एक्स्पायरी डेट अशी चंदेरी फॉइलवर दाबून छापलेली असते की डोळ्यांना काही केल्या दिसत नाही, १३ जवळ नेला की नुसतं धूसर, मागे नेला की अक्षरं बारीक. १७ बोटभर अंतरावर धरला की तो स्वतःच लेन्स बदलतो आणि आकडे लख्ख दिसतात. दिवसा उजेडात काढलेले साधे फोटो मात्र १३ चे आजही छान आहेत, व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर तर कुठला कोणाचा ते ओळखू येणार नाही, त्यामुळे फक्त साध्या फोटोंसाठी अपग्रेड करत असाल तर करू नका. खरा टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, साध्या १७ मध्ये नाहीच, लांबून स्टेजवरचा मुलांचा कार्यक्रम टिपायचा असेल तर प्रो बघावा लागेल, त्यात ४एक्सची वेगळी लेन्स आहे.

स्टोरेज २५६ जीबीपासून सुरू होतं, १३ ला १२८ पासून होतं, हे चांगलं झालं कारण २४ मेगापिक्सेलचे फोटो जागाही जास्त खातात. रॅम १३ मध्ये ४ जीबी होती, १७ मध्ये ८ आहे, ते जाणवतं ते एकाच ठिकाणी, दहा ॲप उघडून परत पहिल्यावर आलं तर ते पुन्हा पहिल्यापासून लोड होत नाही, अर्धवट लिहिलेला फॉर्म तसाच सापडतो. गेमर असाल तर चिपचा फरकही दिसेल, बाकीच्यांना नाही.

टाइप सी आल्याने घरात एकच केबल पुरते, लॅपटॉपची, इअरफोनची, फोनची. पण इथे कंजुषी केलीये, साध्या १७ चं पोर्ट यूएसबी २ च्या वेगाचंच आहे, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, १३ मधल्या जुन्या लायटनिंग पोर्टच्या काळात होतं तेच. फोनमधले मोठे व्हिडिओ केबलने कॉम्प्युटरवर टाकणाऱ्यांना काहीही सुधारणा मिळणार नाही, त्यांना प्रोच घ्यावा लागतो. इतक्या महाग फोनमध्ये हे असायला नको होतं.

एआयबद्दल विचाराल तर, ॲपल इंटेलिजन्स १३ वर चालत नाही, १५ प्रो आणि त्यापुढेच चालतं, हे खरंय. पण ते मराठीत चालत नाही. आपण मेसेज मराठीत लिहितो, घरच्यांशी मराठीत बोलतो, मग लिखाण सुधारून देणं, सारांश काढणं या गोष्टी आपल्या किती कामाच्या? इंग्रजी मेलवाल्यांना थोडा उपयोग आहे. या एका गोष्टीसाठी फोन बदलू नका, दुकानदार कितीही सांगो.

१६ स्वस्तात मिळतोय मग तो का नाही, हा प्रश्न हमखास येतो. १६ चांगला फोन आहे, पण त्याची स्क्रीन ६० हर्ट्झचीच आहे आणि ती तुम्हाला पुढची चार-पाच वर्षं रोज बघायचीये. वरची शेजारी-शेजारी ठेवून बघायची परीक्षा दिलीत आणि फरक दिसला नाही तर १६ घ्या आणि पैसे वाचवा. फरक दिसला तर १७ लाच या. १७ बरोबरच आलेला पातळ आयफोन एअर मला सुचवावासा वाटत नाही, ५.६ मिलिमीटर जाडी हातात घेतली की भारी वाटते, पण मागे एकच कॅमेरा आणि सिमकार्डाला जागाच नाही, सगळीकडे फक्त ईसिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम. त्यावरून आठवलं, साधा १७ सुद्धा काही देशांत, उदाहरणार्थ अमेरिकेत, फक्त ईसिमवालाच मिळतो. परदेशातून कोणी आणून देणार असेल तर सिमचा ट्रे आहे का ते विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

घ्यायचं ठरलंच तर बदलताना घाई नको. दोन्ही फोन शेजारी ठेवून डेटा आपोआप जातो, फोटो, नंबर, मेसेज सगळं नीट येतं, पण बँकेची ॲप्स पुन्हा रजिस्टर करावी लागतात आणि ओटीपी कोड देणारी ऑथेंटिकेटर ॲप्स काही वेळा रिकामी येतात. व्हॉट्सॲपला सेटिंग्जमध्ये चॅट ट्रान्स्फरचा पर्याय आहे, जुन्या फोनवरून नव्याचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, त्याने जुने चॅटही येतात. हे सगळं एकेक उघडून तपासून होईपर्यंत जुना फोन पुसू नका, निदान आठवडाभर तसाच चार्ज करून बाजूला ठेवा. माझा १३ नवीन बॅटरी टाकून आता बाबा वापरतायत आणि त्यांचं मस्त चाललंय. तुम्हीही घरात कोणाला देणार असाल किंवा विकणार असाल तर पुसण्याआधी फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करा आणि ॲपल आयडीमधून साइन आउट करा, नाहीतर समोरच्याला फोन चालू करताना तुमचाच पासवर्ड विचारला जातो आणि तो असल्याशिवाय फोन पुढे जात नाही.